दोघांत एक नाक

"तुम्ही 'आता' म्हणालात आणि मी कढई उतरवली. मग करपले कसे?"

"तू उतरवायला उशीर केलास."

"उशीर? तुमच्या तोंडून 'आ' निघाला की माझा हात कढईला असतो!"

"म्हणजे चूक माझ्या तोंडाची."

"तोंडाची नाही, नाकाची!"

ओट्यावर साखरेत घोळलेल्या बदामांचे तीन डबे होते. कोपऱ्यावरचा औषधवाला ते आपल्या काउंटरवर विकायला ठेवायचा. आज सकाळी तो स्वतःच जिने चढून आला. "काकू, राग मानू नका, पण कडू जहर झालेत," एवढं बोलून मान खाली घालून गेला.

सगळी इमारत तिला बदामकाकू म्हणायची. बदाम करायला तिला आत्याने शिकवलं होतं, त्याला आता तीस वर्षं झाली. पाणी, साखर आणि बदाम एकत्रच चढवायचे. पाणी आटलं की साखर रुसते, पांढरी वाळू होऊन बदामांना चिकटते. नवखी बाई इथेच घाबरते आणि बिघडलं म्हणून गॅस बंद करते. काकू मात्र इथून पदर खोचायची. ढवळत राहायचं, वाळूची समजूत काढायची, ती पुन्हा वितळेपर्यंत. मग वास बदलतो. आधी नुसता गोड, मग भाजका, आणि मग क्षणभर असा, की जिन्यातला माणूस पायरी चुकावा. नेमकी तेव्हाच कढई उतरवायची. बदाम मूळचाच तपकिरी, त्यात कढई काळी. रंगावर विसंबलं की संपलं.

गेल्या हिवाळ्यात नवराबायको दोघंही तापाने पडली. तिचा ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. काही आलं नाही. दोन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. केस विंचरायची नाही, दार वाजलं तर उठायची नाही. शेवटी एक दिवस नवऱ्याने शेगडीपाशी स्टूल ओढलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, जेवढ्यास तेवढं बोलणारा.

"ऊठ गं. नाक काय, माझं घे. घरात एक पुरे."

तिला हसू आलं. ती उठली. तेव्हापासून ती ढवळायची आणि तो स्टुलावरून सांगायचा. "आता?" "थांब." "आता?" "आता!" चार महिने एक घाणा बिघडला नाही. गेल्या आठवड्यात जुनी शेगडी गेली, नवी आली, आणि आज हे तीन डबे.

"माझ्या नाकाला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला.

"मग बसा तिथे. एक घाणा काढते, होऊन जाऊ दे."

तो बसला. तिने कढई चढवली. साखर फसफसली, रुसली, पांढरी पडली, मग हळूहळू पाघळली.

"आता?"

"थांब."

तो मनगटाकडे बघत होता. नेहमीच बघायचा. घड्याळजीची सवय, कुणी कान खाजवतं तशी, असं ती समजत आली होती.

"आता?"

"थांब म्हटलं ना."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिंपीण जिन्यातून ओरडली, "अहो बदामकाकू! काय करपतंय? वास आलाय खालपर्यंत!"

"अजून अर्धं मिनि..." तो म्हणत होता.

तिने गॅस बंद केला. कढईतून आता कुठे धुराची पहिली रेघ उठत होती.

"मिनिटं मोजत होतात तुम्ही," ती म्हणाली. "जुन्या शेगडीची."

त्याने बाही मनगटावर ओढली.

"तुमचंही नाक गेलंय. कधीपासून? तापापासूनच ना?"

"तू झोपून होतीस गं. भिंतीकडे तोंड करून. तुझी वेळ मला इतक्या वर्षांत पाठ झालेली, दुसरं काय सुचणार?"

"आणि दर वेळी दोन बदाम तोंडात टाकून 'झकास' म्हणायचात ते?"

"कुरकुरीत लागायचे."

"कुरकुरीत!" तिने झारा आपटला. "अहो, मी तुमच्या एका शब्दावर उभी होते इथे. मला वाटायचं, माझं गेलं तर गेलं, या घरात एकाला तरी कळतंय."

"नव्या शेगडीची वेळ बसवतो की," तो पुटपुटला. "दोन-तीन घाणे काढून बघू. जमेल."

"जमेल? बदाम दर खेपेला वेगळे येतात, साखर कधी ओलसर असते. आणि समजा जमलं. जमलं हे सांगणार कोण?" तिने कढईतला एक बदाम उचलला, फुंकर मारली आणि त्याच्या तळहातावर ठेवला. दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला. कडकड चावला. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "हा करपलाय. शिंपीण म्हणाली म्हणून मला माहीत. पण उद्याचा? परवाचा? डबा भरून माणसांच्या हातात द्यायचा, आणि आपल्याला ठाऊक नाही आत काय आहे ते. असं करून मी सकाळी उठायचं कशासाठी? सांगा ना. तुम्ही उठवलंत ना मला?"

त्याने तळहातावरच्या बदामाकडे पाहिलं आणि तो हलकेच ओट्याच्या कडेला ठेवला. शेगडीपासचं स्टूल उचलून परत भिंतीला लावलं. दारात खाली बसून चपलांचे पट्टे लावले. एक पट्टा लागायला वेळ लागला.

"अहो, मी काहीतरी विचारतेय."

तो उठला, तिच्याकडे न बघता त्याने दार ओढून घेतलं, आणि जिना उतरू लागला.