काट्यापाशी कोण बसणार

साळूबाईचा आवाज सगळ्या शिवाराच्या ओळखीचा होता. मंठ्याच्या अलीकडे, काळ्या रानाच्या त्या गावात कापूस फुटला की ऊन वर यायच्या आत तिची हाळी उठायची आणि घराघरांतून बाया ओटी बांधत बाहेर पडायच्या. ती त्यांची मुकादमीण. तिला कुणी नेमलेलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं स्वतःच टोळी उभी केली, आणि अशी केली की वेचणीचा दिवस पाटलालाही तिला विचारूनच ठरवावा लागे.

निजामाचं राज्य जाऊन पाचसहा वर्षं लोटली होती, तेव्हाची ही गोष्ट. रामराव पाटलांचा भाचा भुजंग त्या साली तुरुंगातून सुटून आला. मामाच्या कापसाचं माप करायला बसत असताना त्यानं वेचायला आलेल्या द्वारकाबाईवर जबरदस्ती केली होती. जालन्याच्या कोर्टात खटला चालला, त्याला शिक्षा झाली. द्वारकाबाईला कोर्टानं काही शिक्षा सुनावली नव्हती, तरी नवऱ्यानं तिला जांबेजवळ तिच्या भावाकडे नेऊन सोडलं, ते कायमचंच.

गावाची एक रीत होती. तुरुंगातून आलेल्या माणसानं मारुतीपुढे बेलभंडार उचलायचा, शपथ घ्यायची, मग पंचांनी त्याच्या हातचं पाणी प्यायचं. तिथं झालंगेलं मिटायचं. दारूनंच पोराचा घात केला, असं गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. म्हणून भुजंगानं शपथ घेतली ती दारूला न शिवण्याची. पंचांबरोबर रामराव त्याच्या हातचं पाणी प्याले, त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले, आणि येत्या वेचणीचा कापूस तोलायचा काटा पुन्हा त्याच्याकडेच दिला.

"बरं झालं," टोळीतली नंदाबाई म्हणाली, "आता ताक पिऊन काटा मारील."

बाया हसल्या. साळूबाई हसली नाही.

"त्या दिवशी तो प्याल्ता, हे कुणी पाह्यलं?"

"सगळंच गाव म्हणून राह्यलं, आक्का."

"सगळं गाव तिथं होतं का?"

तिथं एकच बाई होती, आणि तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. वेचणीला अजून अवकाश होता. जांबेला दर्शनाला जाते म्हणून साळूबाई गाडीत बसली.

द्वारकाबाई भावाच्या अंगणात उडदाच्या शेंगा वाळत घालत होती. साळूबाईला पाहून तिनं पदर सावरला आणि चुलीवर चहा ठेवला. साळूबाईनं आढेवेढे घेतले नाहीत.

"भुजंग सुटून आला. मामानं त्याला परत काट्यावर बसवलं. म्हणून तुला विचाराया आले. सांगावं वाटलं न्हाई तर चहा पिऊन जाते."

द्वारकाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "कोर्टात मलाच विचारलं समद्यांनी. मी हसले का, माझा पदर कुठं होता. तो कसा वागला, ते कुणालाच नको होतं."

"मला तेच पायजे."

"प्याला न्हवता, आक्का. बिलकुल न्हवता. लई दिवस आधीपासून गोड बोलायचा. गाठोडं डोक्यावर चढवू लागायचा. मंग माझं माप मागं ठेवायला लागला. 'वहिनी, थांबा, तुमचं बराबर करून देतो.' तवर बाकीच्या बाया पुढं निघून गेलेल्या असायच्या. कुणी माघारी फिरून बघतंय का, हे त्यानं कैक दिवस बघितलं. कुणीच फिरलं न्हाई."

शेवटच्या शब्दांनी साळूबाईची मान खाली गेली. पण ती तशीच बसून राहिली नाही. चहा प्याली, द्वारकाबाईचा हात घट्ट धरला आणि गाडीला लागली. वाटभर तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. गावानं भुजंगाच्या हातून बाटली काढून घेतली, आणि जिच्या जोरावर तो बाईला एकटं पाडत होता ती काट्याची दांडी परत त्याच हातात दिली.

दुसऱ्या दिवशी ती पाटलांच्या ओसरीवर गेली. भुजंग खांबाला टेकून बसला होता.

"बेलभंडार उचललाय त्यानं," रामराव म्हणाले. "देवावर शक घेती का, साळू?"

"देवावर न्हाई, मालक. शपथ बी पाळील तो. पण शपथ दारूची हाय, अन् त्या दिवशी तो प्यालाच न्हवता. इचारा त्यालाच."

रामरावांनी भाच्याकडे पाहिलं. भुजंगानं जमिनीवरची काडी उचलली आणि मोडली. 'प्यालो होतो' असं काही तो म्हणाला नाही.

रामरावांचा आवाज उतरला. "शिक्षा भोगून आलंय पोरगं. मंग काय जगूच देऊ नये त्याला?"

"जगू द्या की! मोटेवर घाला, तिथं गडीमाणसं हायेत. गाड्या भरू द्या. पण बाईला थांबवून घ्यायचा हक्क ज्या कामात हाय, ते काम त्याला न्हाई."

"अन् न्हाई ऐकलं तर?"

"तर कापूस झाडालाच राहू द्या."

रामराव हट्टाला पेटले. त्यांनी शेजारच्या गावची टोळी बोलावली. साळूबाईनं मंठ्याच्या बाजारात त्या टोळीची मुकादमीण गाठली आणि द्वारकाबाईनं जे सांगितलं तेवढंच, त्यात तिखटमीठ न घालता, सांगितलं. ती टोळी आली नाही. कापूस फुटत राहिला, वाऱ्यानं बोंडांतून लोंबायला लागला, मातीला टेकला. टोळीतल्या बायांच्याही चुली मंदावल्या. नंदाबाई एकदा चिडून म्हणाली, "आक्का, तुमच्या ताठ्यात आमची पोटं जळून राह्यली!" साळूबाईनं आपल्या घरची जवारी तिच्या पदरात घातली, पण शब्द मागे घेतला नाही.

अखेर रामराव तिच्या दारात आले. "काट्यावर मी बसतो," एवढंच बोलले.

"अन् समद्यांचं माप झाल्याबिगर एक बी बाई रान सोडणार न्हाई," साळूबाई म्हणाली. "निघायचं तर समद्यांनी मिळून."

वेचणी सुरू झाली. मोटेकडे जाताना भुजंग बांधावर थांबला.

"मावशे, मी खरंच बदललो असलो तर?"

"असशील बी. तुझ्या मनातलं मला दिसत न्हाई, म्हणून तू कुठं उभा राहतो ते बघते."

"असं कवर?"

"पुढच्या सुगीला विचार. तवा परत बघू."

मोटेवरच्या गड्यानं हाक मारली तसा तो निघून गेला.

साळूबाईनं जांबेकडे निरोप धाडला होता, काट्यावर तो नाही, यावंसं वाटलं तर ये. त्या साली द्वारकाबाई आली नाही. वेचायच्या ओळींच्या पाती वाटताना मात्र साळूबाईनं आपल्या शेजारची पात कुणालाच दिली नाही. रामरावांनी विचारलं, "ही कुणाची गं?"

"हाय एकजणीची," ती म्हणाली, आणि आपल्या पातीबरोबर तीही पात वेचत पुढे सरकू लागली.