भरलेली दिसणारी जीप

नवरा गेला त्या वर्षी मी रोज यवतमाळहून दारव्ह्याला नोकरीवर जायची. परतताना स्टँडबाहेर जीपा उभ्या असत. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून मी जास्त माणसं बसलेली जीप निवडायची. दिवसभरात तेवढा एकच निर्णय माझा स्वतःचा असायचा.

एकदा मी बसले, माझ्यामागून आणखी काहीजण चढले, तशी आधीची माणसं उतरून शेजारच्या रिकाम्या जीपमध्ये जाऊन बसली. ती ड्रायव्हरचीच माणसं होती, जीप भरलेली दिसावी म्हणून बसवलेली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या माणसांना ओळखलं आणि तरीही त्यांच्याच जीपमध्ये बसले. माणसाची स्वतंत्र इच्छा म्हणतात ती हीच असेल, तर ठेवा तुमच्याजवळ.

पुढे एका संध्याकाळी तोच ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आज माह्या भावाच्या जीपमध्ये बसा नं. रिकामी उभी आहे. लेडीज बसलेली दिसली का लोकं बिनधास्त चढतात."

मी त्याच्या भावाच्या जीपमध्ये जाऊन खिडकीशी बसले.

थोड्या वेळानं पिशवी घेतलेली एक बाई आली. तिनं एकेका जीपमध्ये नीट डोकावून पाहिलं, बराच विचार केला आणि मला बघून माझ्याच जीपमध्ये चढली. मी सरकून तिला जागा करून दिली.