हालकुडे पद्धत

डॉ. सिंधु हालकुडे हिच्या नावावर उभ्या नोकरीत एकच शोधनिबंध छापून आला. साडेतीन पानांचा. त्याबद्दल ती आपणहून कुणाशी बोलत नसे.

ती अहमदपूरची. औरंगाबादेत भूलशास्त्र शिकून बहात्तर साली लातूरच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाली, तेव्हा लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. दुष्काळ पडलेला. खडी फोडताना, बांध घालताना हातपाय चिरडलेली माणसं ट्रकमध्ये घालून आणायचे. कित्येक दिवस पोटभर पाणी न मिळालेली माणसं ती. मणक्यात भुलीचं इंजेक्शन दिलं की त्यांचं ब्लडप्रेशर एकदम कोसळायचं. पहिल्या तीन महिन्यांत सिंधूच्या समोर सहा जण टेबलावरच गेले. केवळाबाई नावाची सातवी पेशंट पाय चिरडून आली, तेव्हा सिंधु सुई हातात धरून नुसती उभी राहिली.

थिएटरच्या सिस्टर लक्ष्मम्मा तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. देगलूरच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत केवळाबाईची नाडी मोजली, मग तिला पाठीला आधार देऊन उठवून बसवलं आणि पुन्हा मोजली.

"बाई, निजवली तवा नव्वद होती. बसवल्यावर एकशे चोवीस झाली," त्या म्हणाल्या. "हिच्या अंगात पाणीच न्हाई. आत्ता भूल देऊ नका."

सर्जन घाई करत होते, तरी सिंधु थांबली. सलाईनच्या तीन बाटल्या गेल्यावर पुन्हा मोजलं, तर फरक बारावर आलेला. मग भूल दिली. केवळाबाईचा पाय गेला, पण ती जिवंत घरी गेली.

तिथून पुढे दोघींनी प्रत्येक पेशंटची नाडी निजवून एकदा आणि बसवून एकदा मोजायची असं ठरवलं. लक्ष्मम्मा मोजायच्या, सिंधु वहीत लिहायची. दोन वर्षांत एकशे चौऱ्याऐंशी पेशंट झाले. दुपारी थिएटरबाहेरच्या बाकावर डबे उघडून त्या कालच्या आकड्यांवर बोलत बसायच्या. अंबाडीच्या भाजीवरून हटकून वाद व्हायचा. तेवढी सुखाची दुपार सिंधूला पुन्हा कधी लाभली नाही.

त्या आकड्यांवरचा निबंध तिने एका वैद्यकीय नियतकालिकाकडे दोघींच्या नावाने पाठवला. संपादकांचं उत्तर आलं, की लेखक डॉक्टरच असावेत, सिस्टरांचे आभार शेवटी मानावेत. सिंधूने चार दिवस पत्र टेबलावर ठेवलं आणि पाचव्या दिवशी होकार कळवला. शहात्तर साली अंक आला, तर जागा नाही म्हणून आभाराची ओळसुद्धा गाळलेली. लक्ष्मम्मांनी अंक हातात घेतला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत पाहिला आणि परत दिला.

"छपाई चांगली हाय," एवढंच म्हणाल्या.

काम पूर्वीसारखंच चालू राहिलं. फक्त दुपारी लक्ष्मम्मा वॉर्डातच जेवायला लागल्या. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला, गावात मिरवणूक निघाली, बदल्यांचे कागद फिरायला लागले. लक्ष्मम्मांनी नांदेड जिल्ह्यात, देगलूरला बदली मागून घेतली. निरोपाला सिंधूने साडी दिली. ती त्यांनी घेतली, पण थांबल्या नाहीत.

तीन वर्षांनी सिंधु काही कामासाठी पुण्याला गेली. तिथल्या एका ग्रंथालयात एक जाडजूड सूची होती. जगभरात कुणी कुणाच्या निबंधाचा आधार घेतला, ते त्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असायचं. भिंग मागून घेऊन तिने आपलं आडनाव शोधलं. नऊ वर्षांत चार वेळा. त्यातला एक निबंध सुदानचा होता. तिने त्या डॉक्टरला कार्ड टाकलं, दोन महिन्यांनी प्रत आली. तिकडेही दुष्काळच होता. तंबूतल्या दवाखान्यात त्यांनी नाडी दोनदा मोजून, थांबून भूल दिली होती आणि या रीतीला नाव दिलं होतं, हालकुडे पद्धत.

ते शब्द वाचल्यापासून तिचं कशात लक्ष लागेना. रजा टाकून ती उदगीरमार्गे देगलूरला गेली.

लक्ष्मम्मा निवृत्त झाल्या होत्या. ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत होत्या. सिंधूला पाहून त्यांनी पाट सरकवला. सिंधूने निबंध मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. त्या खाली बघून ऐकत होत्या.

"तिकडं पेशंट किती होते?"

"एक्याण्णव."

"भुलीनं किती गेले?"

"एकही नाही."

त्यांनी आणखी एका मिरचीचा देठ खुडला. "आपले सहा जण लवकर आले," त्या म्हणाल्या.

सिंधूने निबंधाची घडी घातली. "अक्का, तुमचं नाव घेत नव्हते, तेव्हा मी तो निबंध परत मागवायला पाहिजे होता."

"हाव," लक्ष्मम्मा शांतपणे म्हणाल्या. "मागवायला पाहिजे होता."

मग त्यांनी भाकरी वाढली. आणखी एक निबंध दोघींच्या नावाने लिहू, वह्या अजून जपून ठेवल्यात, असं सिंधु जेवताना म्हणाली. लक्ष्मम्मांनी नकारार्थी मान हलवली. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, घड्याळाचा काटा दिसत नाही, म्हणाल्या. एसटीपर्यंत सोडायला मात्र आल्या.

लातूरला येऊन सिंधूने संपादकांना पत्र लिहिलं, की ही पद्धत सिस्टर लक्ष्मम्मा यांनी शोधली, आपण फक्त लिहून घेतली. अकरा महिन्यांनी ते चार ओळींत छापून आलं. त्या चार ओळींचा आधार पुढे कुणी घेतला नाही. सुदानच्या मागून आणखी दोन-तीन निबंध आले, त्यांतही हालकुडेच राहिलं.

तो अंक तिने देगलूरला रजिस्टरने पाठवला. पोचपावती परत आली. तिच्यावर लक्ष्मम्मांची सही होती, जरा वाकडी. पत्र आलं नाही.

दर महिन्याला सिंधु जायचं ठरवायची. पण नव्या जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशनं दुपटीने वाढली होती आणि भूल द्यायला ती एकटी. देगलूरची गाडी सकाळी सव्वासातला सुटायची. साडेसातला सिंधूला थिएटरात उभं राहावं लागायचं.