मावशींचा उरलाउब

माझ्या बायकोच्या मावशींइतकी भित्री बाई उभ्या जर्मनीत दुसरी सापडायची नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगेन, कारण त्या स्वतःच मान डोलावून म्हणतील, "गेनाऊ! अगदी बरोबर!" सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला त्या घाबरतात, त्यामुळे फ्रँकफुर्टच्या स्टेशनात सगळं जग उभ्या उभ्या वर सरकत असताना आमच्या मावशी बॅग घेऊन बाजूच्या दगडी पायऱ्या चढत असतात. हायडेलबर्गच्या किल्ल्यावर जायला दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे. आम्ही सगळे तिच्यात बसून वर गेलो, तर मावशी चढ चालून घामाघूम होऊन आल्या आणि म्हणाल्या, "दोर काय सांगून तुटते का, बापू?" कुत्रा दिसला की त्या रस्ता ओलांडतात. मग पलीकडच्या फुटपाथवर दुसरा कुत्रा दिसतो आणि त्या परत येतात. सगळ्यात मोठी दहशत मात्र तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारणीची. या बाई कोणी कचऱ्याच्या कुठल्या डब्यात काय टाकलं यावर पडद्याआडून नजर ठेवतात. दह्याचा रिकामा डबा पिवळ्या पिशवीत टाकायचा की धुऊन टाकायचा की झाकण वेगळं करून टाकायचं, याची खात्री नसली की मावशी तो पर्समध्ये घालून हॉस्पिटलात नेतात आणि तिथे टाकतात. मावशी त्याच हॉस्पिटलात भूल देणाऱ्या मोठ्या डॉक्टर आहेत, हे सांगायचं राहिलंच.

माझ्या गाडीत बसणं हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत भीषण प्रसंग. मी नेकारसुल्मला गाड्यांच्याच कारखान्यात इंजिनिअर आहे, पण त्याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम नाही. आउटोबानला, म्हणजे इथल्या महामार्गाला, लागलो की त्या डोळे मिटतात, दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरतात आणि अस्सल नागपुरी सूर लावतात, "हळू घ्या ना जी! काऊन इतकं पळवून राहिले?" मी ट्रकच्या मागे, ट्रकच्याच वेगाने चाललेला असतो.

तर ही बाई दरवर्षी आपला सगळा उरलाउब, म्हणजे हक्काची रजा, साठवायची आणि त्या सुट्टीत लोक जसे मायोर्का बेटावर मजा करायला जातात तशी युद्ध चालू असलेल्या एका देशात जायची. तिथे जखमींना उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये बसायची. देशाचं नाव मी लिहीत नाही. मावशींनीच सांगितलंय, "नाव लिहू नका, तिथल्या लोकांना आधीच कमी त्रास आहे का?" मदत पथकाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता या अंथरूण धरणार. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आल्झो, म्हणजे हेलिकॉप्टरला सरकता जिना नसतो ना?"

तिकडून आल्यावर त्या आम्हाला फक्त खाण्याच्या गोष्टी सांगत. त्यांचा पोह्यांचा चिवडा वैमानिकांना किती आवडला, मेकॅनिकने तिखट खाऊन कसं रडून दाखवलं, वगैरे. चाकं जमीन सोडताना मावशी मनातल्या मनात बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणतात. निदान त्यांना तसं वाटतं. प्रत्यक्षात तोंडापुढे माइक असल्यामुळे ते सगळ्यांच्या कानात जात असे. मेकॅनिकला वाटलं, हा उड्डाणाच्या तयारीचाच भाग असणार. एकदा सर्दीने त्यांचा आवाज बसला, तर त्याने वैमानिकाला निघूच दिलं नाही. शेवटी मावशींनी नुसते ओठ हलवले, तेव्हा त्याने अंगठा वर केला.

पण बातम्या नागपूरलाही दिसतात. माझ्या सासूबाई म्हणजे मावशींच्या थोरल्या बहीण. त्यांनी एक दिवस मला निर्वाणीचा फोन केला. "जावईबापू, ती माझं ऐकत नाही. तुमचा मान ठेवते. तिला सांगा, बस झालं. मला एकच बहीण आहे." मी शब्द दिला आणि मावशींच्या साठाव्या वाढदिवसाला विषय काढायचा असं ठरवलं.

वाढदिवसाला हायडेलबर्गच्या त्यांच्या छोट्या घरात आम्ही घरचेच होतो. सासूबाई टॅबलेटवर, साखरेच्या डब्याला टेकून बसवलेल्या. मी घसा साफ करतोय तोच बेल वाजली. दारात मिशीवाले, धिप्पाड, गंभीर गृहस्थ फुलं घेऊन उभे. मावशींच्या हेलिकॉप्टरचे कप्तान, मूळचे बल्गेरियाचे. मावशींनी त्यांना बसवलं आणि स्वतः भजी तळायला स्वयंपाकघरात गेल्या. मी कप्तानांना जर्मनमध्ये हळूच म्हणालो, "तुम्हीच सांगा यांना, आता थांबा म्हणून."

त्यांनी चमकून विचारलं, "तुम्हाला शाळेच्या मैदानाची गोष्ट माहीत नाही?"

आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. त्यांनी सांगितली आणि माझी बायको सासूबाईंसाठी वाक्यावाक्याचं मराठी करत गेली.

डोंगरातल्या एका गावी शाळेच्या मैदानावर ते उतरले होते. पंखा फिरताच ठेवायचा, जखमी आत घ्यायचे आणि निघायचं, असा नियम. तिघे जखमी आत आले आणि झाडीतून गोळीबार सुरू झाला. कप्तान ओरडले, "डॉक्टर, दार लावा, निघालो!" मावशी दारातच होत्या. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून चार माणसं एक खाट खांद्यावर घेऊन धावत येत होती. मावशी कप्तानांना म्हणाल्या...

इथे कप्तान थांबले आणि त्यांनी ते शब्द जसे ऐकले तसे उच्चारले, "थांबा. खाट येऊन राहिली."

"मराठीत?" माझी बायको किंचाळली.

"भाषा कोणती ते मला माहीत नव्हतं. पण थांबलो."

खाटेवर बाळंतपणात अडलेली एक तरुण बाई होती, तिला झटके येत होते. तिला आत घेतलं, दार लागलं, हेलिकॉप्टर उठलं. नदीवर आल्यावर तिचा श्वास थांबत आला. घशात नळी घालायची तर हात स्थिर हवा, आणि गोळ्या चुकवण्यासाठी कप्तान तर हेलिकॉप्टर डावी-उजवीकडे झुकवत होते. कानात आरोळी आली, "हळू घ्या ना जी!"

आम्ही सगळे हसत सुटलो. माझ्या सासूबाईही. कप्तान मात्र हसले नाहीत. म्हणाले, "सरळ उडणं म्हणजे खालच्या माणसाला नेम धरू देणं. डॉक्टरला ते ठाऊक होतं, मलाही. मी सरळ उडवलं. मग तिचा आवाज आला, 'झालं.' हा शब्दही मी शिकलो." शेपटीत एक भोक पडलं होतं, मेकॅनिकने त्यात बोट घालून दाखवलं. छावणीतल्या हॉस्पिटलात त्या बाईला मुलगी झाली. आई जगली, मुलगी जगली, ते तिघेही जगले. "मी पुष्कळ डॉक्टर नेले," कप्तान म्हणाले, "शूर डॉक्टरांची मला भीती वाटते. ही घाबरते, म्हणून सगळीकडे बघते. म्हणून तिला ती खाट दिसली."

एवढ्यात मावशी भज्यांची थाळी घेऊन आल्या. आम्ही सगळे नकळत उभे राहिलो होतो. माझी मुलगी, जिला मराठी कळतं पण उत्तरं जर्मनमध्येच सुचतात, तिने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तळमजल्यावरूनही कोणीतरी छताला काठी ठोकली. मावशींचा चेहरा पांढरा पडला. "अरे, हळू! त्या वर येतील!"

टॅबलेटमधून सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "जावईबापू, मी काही बोलले होते का तुम्हाला?"

"नाही, आई."

"मग जाऊ द्या तिला."

त्यानंतरही मावशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. या वसंतात मात्र गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि उड्या मारून हेलिकॉप्टरमध्ये चढणं बंद झालं. वाद घालतील असं वाटलं होतं. त्या फक्त "हो, हो, ठीक आहे" म्हणाल्या आणि तरुण डॉक्टरांना शिकवायला लागल्या. त्यांतली एक मुलगी त्यांच्या जागी गेलीही आहे.

परवा संध्याकाळी आम्ही नेकारच्या काठच्या गवतावर बसलो होतो. भाजी महाग झाल्याचं मावशी तावातावाने सांगत होत्या. डोंगरावरून रुग्णांचं हेलिकॉप्टर आलं आणि नदी ओलांडून हॉस्पिटलाकडे खाली झुकलं. मावशी वाक्याच्या मध्यातच थांबल्या. मान वर करून, ते झाडांआड जाईपर्यंत आणि नंतर आवाज पुरता विझेपर्यंत ऐकत राहिल्या.

"उतरलं नीट," त्या हळूच म्हणाल्या. मग पदर सावरून कोबीचा भाव सांगू लागल्या.