लंकेच्या डोंगरी गाडीत

आमच्या गावातून लंकेला गेलेली बाई म्हटलं की कोण आठवतं ते सांगायला नको. दुसरी गेली ती माझी वहिनी, आणि तिला कुणी पळवून नेलं नव्हतं. ती नवरा शोधायला गेली होती. बरोबर मी होतो. पंचवटीतल्या टवाळांना आयतंच खाद्य मिळालं. निघायच्या दिवशी नाशिकरोड स्टेशनवर पोचवायला आलेल्या एकानं मला विचारलं, "पूल बांधत जाणार की बोटीनं?" आजूबाजूचे हसले. वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिनं ऐकलं. त्या माणसाशी मी पुढं कित्येक वर्षं बोललो नाही, आणि त्याला त्याचं काही वाटलं असेल असं मला वाटत नाही.

माझा मधला भाऊ लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घरातून गेला तो गेलाच. मी तेव्हा लहान होतो. मला आठवतो तो फक्त त्याच्या डाव्या भुवईवरचा व्रण आणि माझ्या डोक्यात मारलेल्या टपल्या. आमचं घर क्षेत्रोपाध्यांचं. परगावच्या यजमानांच्या अस्थी, पिंड, तर्पण यांवर आमची चूल पेटायची. शास्त्र असं, की नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, हा विधी लोकांसाठी कितीदा तरी केला होता. आता तो आमच्याच घरात करायची वेळ आली होती. विधी झाला की वहिनी विधवा. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या जाणार, आणि आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे केससुद्धा. ही एकोणीसशे तिशीतली गोष्ट. गावात पुष्कळ घरांनी केसांची रीत तोवर सोडून दिली होती. दादांची काळजी एवढीच, की आपण सोडली तर यजमान काय म्हणतील. वहिनीला तेव्हा पंचविशी नुकतीच उलटली होती.

तेवढ्यात कोलंबोत दुकान असलेला एक गुजराती यजमान आईच्या अस्थी घेऊन आला. दादांचं तोंड निरखत म्हणाला, "महाराज, तुमच्याच तोंडवळ्याचा एक माणूस आमच्याकडं डोंगरी गाडीत हिंडतो. हात बघतो. गोदावरीचं पाणी विकतो. भुवईवर व्रण आहे." दादांची झोप उडाली. जिवंत माणसाला अग्नी देणं म्हणजे महापाप, आणि समुद्र ओलांडून खात्री करून घ्यावी तर यजमान तुटणार. मला पाठवावं तर मी भावाला ओळखणार कसा? मग वहिनीच स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी जाते. मी ओळखीन." दादा तिच्याशी थेट बोलत नसत. ते मला म्हणाले, "हिला घेऊन जा. आल्यावर दोघांनी प्रायश्चित्त घ्या." विंचूरहून तिचे वडील आले, लेकीकडं बघून रडले आणि जेवून परत गेले.

मद्रासपर्यंत ठीक होतं. पुढं समुद्राच्या तोंडाशी साथीच्या भीतीनं नेमलेल्या एका डॉक्टरनं आमच्या जिभा बघितल्या आणि लंकेत पहिले काही दिवस रोज सरकारी दवाखान्यात तोंड दाखवायचा हुकूम दिला. मळ्यांवर मजुरीला निघालेल्या तमिळ लोकांना तर मेंढरांसारखं तिथंच कोंडून ठेवलं होतं. आम्ही पाहुणे, म्हणून आम्हांला सोडलं. बोटीत वहिनीनं डोळे मिटून घेतले आणि उतरेपर्यंत उघडले नाहीत.

पाहुणा होऊन परमुलखात आगगाडीनं हिंडणं किती मौजेचं असतं याची वर्णनं मी पुढं वाचली. लिहिणाऱ्यांबरोबर नऊवारी नेसलेली बाई नसावी. लंकेतल्या बायका लुंगीसारखं वस्त्र गुंडाळतात. वहिनीचा काष्टा पाहून डब्यातली पोरं खिदळायची आणि पोरांच्या आया त्यांना गप्प करायच्या सोडून स्वतःच वाकून बघायच्या. पुरुष लांब केसांचा अंबाडा घालून वर कासवाच्या पाठीची कंगवी खोचलेले, तेही बघायचे. मी रागानं बघितलं की सौजन्यानं हसायचे. इतक्या गोड हसणाऱ्या लोकांचा इतका संताप मला पुन्हा कधी आला नाही.

घरून आणलेल्या दशम्या संपल्यावर मी एका स्टेशनवर तांदळाच्या शेवयांची चकती आणि खोबऱ्याची लाल चटणी घेतली. वहिनीनं भुकेपोटी दोन घास घेतले, तिला आवडलीही. समोरच्या कारकुनानं आम्ही खाऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि मग इंग्रजीत मला सांगितलं, की चटणीत वाळवलेला मासा कुटून घालतात. मी वहिनीला सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसलं. ती खिडकीतून बाहेर भडाभडा ओकली. मागच्या खिडकीतला माणूस ओरडला, डबा हसला. ती तोंड पुसून म्हणाली, "भाऊजी, यापुढं केळीच घेत जा."

कँडी गावात त्या गुजराती यजमानाच्या भावानं आम्हांला एक खोली दिली. भाऊ भेटला तर परस्पर घरची वाट धरता यावी म्हणून आम्ही रोज सकाळी तिथून ट्रंक घेऊनच निघायचो, पेरादेणियाला गाडी बदलायचो आणि डोंगर चढायचो. हटन, तलावाकेले, नानुओया, आणि संध्याकाळी परत. इगतपुरीच्या घाटाचं मला फार कौतुक होतं, तो घाट इथं पोरखेळ वाटला. गाडी एक वळण घ्यायची आणि खाली आपलाच मागचा रूळ दिसायचा. दोन्ही बाजूंना चहाची झुडपं, मधून मधून बोगदे, आणि वर जावं तसं थंडी. स्टेशनांची नावं तीन लिप्यांत, त्यांतली एकच मला वाचता यायची. वहिनी यातलं काही बघत नव्हती. प्रत्येक स्टेशनवर चढणाऱ्या माणसांच्या भुवया बघायची. रोज तीच गाडी, त्यामुळं तिकीट बघणारा आम्हांला ओळखायला लागला. एकदा त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईंचं डोकं ठीक आहे ना?" मी हो म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही.

आणि एके दिवशी नावलपिटियाला तो चढला.

भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष, पोट सुटलेलं. मागोमाग एक सावळी बाई आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. बाईच्या खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात लाखेनं तोंड बंद केलेल्या बाटल्या. त्या दोघी दाराजवळच्या बाकावर बसल्या आणि तो मजुरांमधून फिरू लागला. त्यांच्या भाषेत बोलायचा, हात बघायचा, कुणी मेलेल्यांसाठी बाटली घेतली तर डोळे मिटून संकल्प सांगायचा. संकल्प आमच्याच घरातला होता, गोदावरीच्या दक्षिण तीरासकट. वहिनीनं माझं मनगट धरलं आणि इतकं आवळलं की नखं रुतली. भुवई बघायची गरजच उरली नव्हती.

तो आमच्यापाशी आला. लुगडं पाहून त्याचं तोंड उजळलं.

"मराठी? वा वा! कुठल्या तुम्ही?"

"विंचूरची," वहिनी म्हणाली.

"विंचूर," तो म्हणाला. "ऐकलंय नाव."

त्याची सासुरवाडी ती. तिथं त्याच्या डोक्यावर अक्षता पडल्या होत्या. मी त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होतो, एक रेष हलली नाही. मला आजही ठरवता येत नाही, की तो खरंच विसरला होता की त्याचा सराव इतका पक्का होता. दोन्हींपैकी काय अधिक वाईट तेही ठरवता येत नाही.

त्यानं हात मागितला. वहिनीनं पुढं केला. त्याच्याच नावाच्या मंगळसूत्राकडं आणि कुंकवाकडं बघून त्यानं भविष्य सांगितलं. "अखंड सौभाग्य आहे, बाई. कुंकवाला मरेपर्यंत धक्का नाही. नवरा तुमच्याशिवाय पाणी पिणार नाही असा आहे." आणि बोटं अजून हातात धरून तो दक्षिणेसाठी माझ्याकडं बघायला लागला.

"मग आता घरी चला," वहिनी म्हणाली.

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो मटकन समोर बसला. तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, "हा धाकटा?" म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. मजूर माना वळवून बघू लागले. मी त्याला दोन थोबाडीत मारायच्या असं वर्षानुवर्षं ठरवलं होतं, पण रडणाऱ्या माणसाला मारायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं आई कशी आहे विचारलं. आई गेली, मी सांगितलं. तो आणखी रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "येतो मी. आत्ता येतो. हा काय मुलूख आहे? जळवा आणि पाऊस. पुढच्या स्टेशनवर उतरू आणि खाली जाणारी गाडी पकडू. दादा काय म्हणेल? घेईल ना मला?"

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. वहिनीचं कुंकू वाचलं, केस वाचले. दादांना हवं ते प्रायश्चित्त तो घेईल, आणि मग मी त्याला मारीन.

तो उठून दाराजवळच्या बाईकडं गेला, तिला काहीतरी सांगितलं, आणि परत येऊन आमची ट्रंक उचलली. मुलगी त्याच्या कफनीला धरून चार पावलं आली होती. त्यानं ती मूठ सोडवली, वळूनसुद्धा न बघता.

"कोण ती?" वहिनीनं विचारलं.

"कुणी नाही. असते बरोबर."

"आणि मुलगी?"

त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली.

"तिला काय सांगितलंत आत्ता?"

"संध्याकाळी येतो म्हणालो."

वहिनी माझ्याकडं वळली. "मलाही हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

गाडी थांबली. तो ट्रंक घेऊन उतरला, हात पुढं केला. वहिनी दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. मी मागं होतो, मला पुढं जाऊ देईना. गार्डानं शिटी दिली.

"ट्रंक द्या," ती त्याला म्हणाली. त्यानं गोंधळून वर दिली. "आमची चूक झाली. आम्ही शोधतोय ते तुम्ही नव्हे."

चढावर गाडी बैलगाडीच्या चालीनं निघते. पोरंसुद्धा धावत येऊन चढतात. त्याला चढता आलं असतं, आमच्या डब्यात नाही तर मागच्या. तो फलाटावर उभा राहिला. वळण आलं आणि तो दिसेनासा झाला.

त्या बाईनं काही विचारलं नाही, विचारलं असतं तरी आम्हांला तिची भाषा येत नव्हती. वहिनीनं मुलीला दोन केळी दिली. पुढच्या स्टेशनवर त्या दोघी उतरल्या आणि बाकावर पिशवी ठेवून, गाडी आली त्या दिशेला तोंड करून बसल्या. तो त्यांच्याकडं गेला का, ते मला माहीत नाही. मला तो जाईलसा वाटला नाही.

परतीच्या वाटेवर मी वहिनीशी भांडत आलो. कँडीत भांडलो, बोटीत भांडलो, मद्रासच्या फलाटावर लोक जमले इतका भांडलो. "तो जिवंत आहे एवढं नुसतं सांग. तुझे केस राहतील."

"मग दादा त्यांना आणवतील."

"आणवू देत!"

"आणि मी काय करू त्यांचं?" ती म्हणाली. "भाऊजी, तुम्ही सांगितलंत तर मी गोदावरीत उतरेन. हे मी रागानं म्हणत नाही." ती रागानं म्हणत नव्हती हे खरं होतं. म्हणून मी गप्प बसलो.

घरी दादांनी ओटीवरून विचारलं, "भेटला?" वहिनी आतून म्हणाली, "ते नव्हते. दुसरेच कुणी होते." दादांनी एक सुस्कारा टाकला. मला तो सुटकेचा वाटला, पण तेव्हा मला सगळ्यांचंच वाईट दिसत होतं.

पळसाच्या पानांचा भाऊ मी बांधला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि अग्नीही मीच दिला, कारण मुलगा नव्हता. दहाव्या दिवशी घाटावर न्हावी आला. भाऊबंदांच्या बायकांनी आडोसा धरला. वहिनीचे केस कमरेखाली होते. न्हाव्याला वेळ लागला, आणि वस्तरा बोथट होता म्हणून दोन ठिकाणी रक्त आलं. मग लाल आलवण नेसवून तिला पायरीवर बसवलं आणि आम्ही पिंड मांडला.

कावळा शिवेना. झाडावर दहा-बारा बसले होते, एक खाली येईना. ऊन चढलं. जमलेले पुरुष एकेक करून पिंडापुढं वचनं देऊ लागले. आईचं वर्षश्राद्ध चुकवणार नाही. तुझा वाटा मोडणार नाही. धाकट्याचं लग्न थाटात करू. कावळे जागचे हलेनात. का हलत नव्हते, ते त्या घाटावर दोनच माणसांना माहीत होतं.

शेवटी दादा पिंडापुढं उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला म्हणाले, "हिला हात जोडायला सांग. त्याचा सगळा जीव हिच्यात अडकलाय."

वहिनी हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, पोट धरून, तासलेल्या डोक्यावरचा पदर घसरला तरी. बायकांनी तिला दोन्हीकडून धरलं. एक म्हणाली, "दुःखानं वेड लागलं गं बाई," आणि सगळ्या रडायला लागल्या. दादाही रडले. मी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.