बुकपोस्टाने आलेला लेख

पाढे मध्येच थांबले म्हणून मी बाहेर आले. शाळेच्या मागच्या दोन खणांत आम्ही राहत होतो. दिवसभर मुलांचा आवाज कानावर असायचा, तो बंद पडला की काहीतरी झालंय हे कळायचं. माझ्या यजमानांना गावातल्या दुकानदाराचे दोन पुतणे सदऱ्याला धरून पटांगणात ओढत होते. मुलांनी नंतर सांगितलं की दुकानदार अगदी शांतपणे वर्गात आला, चपला दाराबाहेर काढल्या, फळ्यापाशी गेला आणि हातातली कागदांची गुंडाळी गुरुजींच्या तोंडावर मारली.

पटांगणात मात्र कागद नव्हता. एकाने काठी घातली, यजमान गुडघ्यावर आले, तसा दुसऱ्याने जबड्यावर लाथ मारली. मी भात कांडत होते, मुसळ हातातच होतं. ते मी जवळच्या पुतण्याच्या खांद्यावर घातलं. तो आवाज मला अजून आठवतो आणि वाईट वाटत नाही. दुसऱ्याने माझ्या कानशिलात कोपर हाणलं आणि मी भिंतीला लागून बसले. दुकानदार मध्ये उभा राहून बोलत होता, जणू गिऱ्हाइकाला भाव सांगतोय.

"मास्तर, साऱ्या गावाचं टपाल माझ्या ओट्यावर उतरतं. आन् माझीच बदनामी माझ्याच ओट्यावर उतरवलीस व्हय?"

हे कशावरून झालं ते क्रमाने सांगते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका गावात यजमान प्राथमिक शिक्षक होते. पुण्याची एक संस्था टपालाने पाठ पाठवून परीक्षांना बसवायची, तिथे यांनी एम.ए.ला नाव घातलं होतं. त्याच संस्थेचं एक त्रैमासिक निघे. पत्राने कसं शिकवावं, विद्यार्थी कुठे अडतात, अशा विषयांवर प्राध्यापक मंडळी त्यात अभ्यासलेख लिहीत. आमच्या भागातले विद्यार्थी वर्षाच्या मध्यावरच गळतात, त्याचं कारण शोधून लिहा, असं संपादकांनी यांना कळवलं.

पुण्यात सगळ्यांची कारणं ठरलेली होती. कामातून वेळ नाही, दिवा नाही, इंग्रजी जड जातं. हे मात्र सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरले आणि त्यांना वेगळंच दिसलं. पाठ पोहोचतच नव्हते. पाठ बुकपोस्टाने येत. बुकपोस्ट स्वस्त पडतं, पण पाकिटाची टोकं उघडी ठेवावी लागतात. टपालवाला आठवड्यातून दोनदा चढून येई आणि सगळं बाड दुकानाच्या ओट्यावर ठेवी. दुकानदार त्यातलं हवं ते हव्या त्याला देई. जो त्याच्या मळ्यावर सालाने राबतो, तो शिकून पुण्याला गेला तर त्याला परवडणारं नव्हतं. पोरींचे पाठ तर तो उघडच फाडी. कोऱ्या बाजूचा चांगला जाड कागद, पुड्या बांधायला छान. बौद्धवस्तीतल्या एका सालगड्याच्या घरी मिरचीपूड आली ती त्याच्याच अर्थशास्त्राच्या पाठात बांधून. पानावर वर त्याचा विद्यार्थी क्रमांक होता. आधीच्या वर्षी तो त्याच विषयात नापास झाला होता.

यांनी लेखात कुणाचंही नाव घेतलं नाही, गावाचंसुद्धा नाही. 'दोन मुलांचा पिता, मळ्यावर सालाने काम करणारा एक विद्यार्थी' एवढंच लिहिलं. पुण्यात एवढ्याने माणूस झाकला जातो. आमच्या गावात असा विद्यार्थी एकच होता.

लेख छापून आला. लेखकाला अंक आणि लेखाच्या सुट्या प्रती भेट पाठवायच्या ही त्या संस्थेची रीत. लेखाखाली लेखकाचा पत्ता असतोच. तिथल्या कुणीतरी नेहमीप्रमाणे गठ्ठा बांधला, टोकं उघडी ठेवली आणि बुकपोस्टाने टाकला. वरच्याच पानावर ठळक अक्षरांत शीर्षक: दुर्गम गावांत पाठ का पोहोचत नाहीत. तो गठ्ठा उतरला त्याच ओट्यावर. दुकानदार सातवीपर्यंत शिकलेला, वाचायचा चांगला. शेवटच्या तळटिपेपर्यंत त्याने तो लेख वाचला. त्या त्रैमासिकाला इतक्या मन लावून वाचणारा दुसरा कुणी मिळाला नसेल.

पटांगणातून ते गेले, पण पुतण्यांनी जाता जाता आमच्या छपरावर दगड घातले. कौलं खाली चुलीत पडत होती. मी यांना आत ओढून घेतलं, तोंडातलं रक्त पुसलं, दोन दात हातात आले ते पदरात बांधले. डोकं बधिर झालं की मी काय न्यायचं ते मोजायला लागते. प्रमाणपत्रं, स्टोव्ह, अंथरूण, यांची पुस्तकं नाहीत. एवढं ठरतंय तोवर मागच्या दाराने सालगड्याची बायको आली. धाप लागली होती, पण रडत नव्हती.

"वैनी, तुमच्या घरात पट्टी हाय का? त्येंचा हात फोडलाय."

दुकानदार आणि पुतणे आमच्याकडे येण्याआधी तिच्याकडे गेले होते. खळ्यावर सालगड्याला पाडलं, छातीवर एक जण बसला आणि दुकानदाराने विचारलं, लिहायचा हात कोणता. त्याने प्रसंगावधानाने डावा पुढे केला. दुकानदार हसला. म्हणाला, इतकी वर्षं माझ्या मळ्यात तू इळा काय डाव्या हातानं धरलास? मग उजवा हात दगडावर ठेवून कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठेचला. त्याची पोरं समोर होती. सारी वस्ती समोर होती. आडवा गेलेल्या एका म्हाताऱ्याच्या बरगड्याही मोडल्या.

दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मध्ये यांना आणि सालगड्याला निजवून आम्ही नसरापूरला उतरलो आणि तिथून भोरच्या दवाखान्यात गेलो. टेम्पो खड्ड्यात आदळला की दोघेही एकाच वेळी विव्हळत. त्याच्या बायकोने वाटेत एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, गुरुजी, तुमी लिवलं बराबर, पर आमाला वाचून दाखवायचं तरी छापायच्या आधी. यांचा जबडा सुजलेला होता. मी त्यांच्या तोंडाखालचं फडकं बदललं.

पोलिसात तक्रार दिली, पंचनामा झाला. खटला वर्षानुवर्षं चालला, तो वेगळा विषय. दवाखान्यात आमच्यापुढे दुसराच प्रश्न आला. दुकानदाराने सरपंचांकरवी निरोप धाडला: लेख मागे घ्या, छापून घ्या की माहिती खोटी होती. दवाखान्याचा खर्च मी देतो आणि वस्तीला यापुढे हात लावणार नाही. नाही घेतलात, तर वस्ती तिथेच आहे आणि मीही तिथेच आहे.

आम्ही कळवल्यावर दोनच दिवसांत संपादक एस.टी.ने पुण्याहून आले. वयस्कर, सज्जन माणूस. यांचं तोंड पाहून खाली बसले. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. 'सदर लेखातील माहितीची पडताळणी झालेली नसल्याने लेख मागे घेण्यात येत आहे.' म्हणाले, शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर नाही हे मला कळतं, पण लेखापेक्षा माणसं महत्त्वाची. तुम्ही सही केलीत तर पुढच्या अंकात टाकतो.

यांनी खुणेने पेन मागितलं. मला वाटलं, करून टाकावी सही. खरं सांगते, मला तेच हवं होतं.

शेजारच्या खाटेवरून सालगड्याने विचारलं, काय लिहिलंय. यांना बोलता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. त्याने परत वाचायला लावलं.

"म्हंजी म्या खोटं बोललो, असं?"

संपादक म्हणाले, तसं नाही, त्याचा अर्थ एवढाच की कुणी तपासून पाहिलं नाही.

"मग माझा हात कशापायी मोडला? खोटं बोललो म्हून मोडला, असंच ना?" तो उठून बसायला लागला, मी त्याला धरलं. "सायेब, ह्ये तुमचं पुस्तक किती लोक वाचत्यात?"

संपादकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, छापतो चारशे, पण वाचणारे फार थोडे.

"एकानं वाचलं तर ह्ये झालं," तो म्हणाला. "आनिक चार जणांनी वाचू द्या की."

संपादकांना हसावं की काय करावं कळेना. तो पुढे म्हणाला, मागे घेऊ नका. उलट माझं नाव घाला. नाव न्हवतं तरी वळखलंच की त्यानं. लपवून माझं काय वाचलं?

आता सगळे त्याच्या बायकोकडे पाहायला लागलो. वस्तीत पोरं तिची होती, घर तिचं होतं. ती खाटेच्या पायथ्याशी नवऱ्याचे पाय दाबत होती. न थांबता म्हणाली, "घालायचं तर माझंबी घाला. मिरचीची पुडी म्या सोडली व्हती. ह्यास्नी काय ठावं होतं."

यांनी संपादकांचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोघांची नावं लिहिली.

पुढच्या अंकात अर्ध्या पानाचं टिपण आलं. लेखातली माहिती आपलीच आहे असं सांगणारं, खाली नवरा-बायकोची नावं, वस्तीच्या नावासकट. त्यानंतर आठवड्याच्या आत त्यांचं घर पेटवलं. ते पोरांसकट आधीच नसरापूरला माझ्या मावसभावाच्या पडवीत आले होते, पण शेजारणीच्या भरवशावर आत बांधलेली शेळी गेली. आमची बदली भोंगवलीला झाली. संस्थेने त्या भागातले सगळे पाठ नसरापूरला पाठवायचं ठरवलं आणि बाजाराच्या दिवशी ते वाटायचं काम माझ्याकडे आलं. काही पोरींच्या बापांनी भीतीने संस्थेतून नावंच काढून घेतली. ते घेणारच होते.

एका बाजाराच्या दिवशी खांद्याला मुसळ बसलेला तोच पुतण्या आला आणि त्याने पाठांचा गठ्ठा लाथेने रस्त्यावर उडवला. मला धरून ढकललं. माझं डोकं टेम्पोच्या फळीवर आपटलं. सालगडी आता तिथे टेम्पो भरायचा, डाव्या हाताने जमेल तेवढं. त्याच्याबरोबरच्या हमालांनी पुतण्याला पाडून इतकं मारलं की त्याच्या कानातून रक्त आलं. लोक म्हणाले, बाई, तुम्ही सोडवा, तुमचं ऐकतील. मी सोडवलं, पण आधी पाठ गोळा केले. वाऱ्याने उडत होते.

तो सालगडी त्या वर्षी परत अर्थशास्त्राला बसला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, म्हणून डाव्याने लिहायला शिकला. पुण्याला पाठवलेला त्याचा पहिला स्वाध्याय तपासून परत आला तो मीच त्याला दिला. गुण चांगले होते. खाली तांबड्या शाईत शेरा होता: 'अक्षर सुधारावे.'

हे शेजारीच होते, भडकले. ज्या संस्थेच्या अंकात या माणसाचं नाव छापलंय तिथल्याच तपासनिसाला याचा हात मोडलाय हे ठाऊक नाही, म्हणून आत्ताच संपादकांना पत्र लिहितो म्हणाले. सालगड्याने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी. खरंच वंगाळ हाय अक्षर."

मग टेम्पोच्या फाळक्यावर कागद ठेवून त्याने तो स्वाध्याय पहिल्यापासून परत लिहायला घेतला.