ओहोटीतलं कासव

सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर चालायची सवय मला लावली एका निवृत्त गुजराती मास्तरांनी. मी भेस्तानजवळच्या मराठी शाळेत शिकवायचे. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी ते सुरूच्या झाडांपासून खाडीच्या तोंडापर्यंत जायचे आणि वाळूवर काय काय आलंय ते वहीत लिहायचे. मेलेले पक्षी, डांबराचे गोळे, जाळ्यांचे तुकडे. त्यांना कोणी हे काम सांगितलं नव्हतं. "बेन, कोणी तरी बघायला पाहिजे ने," एवढंच म्हणायचे. मी धुळ्याकडची, लग्न होऊन सुरतेला येईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी सोबत यायला विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं ते समुद्राच्या ओढीनेच.

माझ्या यजमानांना हे पटत नव्हतं. ते लूमवर कामाला. आठवड्याची एकच सुट्टी, आणि बायको मेलेली पाखरं लिहायला जाते! एका जानेवारीत फार थंडी पडली, तेव्हा मला एकटीला जाऊ देववेना म्हणून चादर लपेटून सोबत आले.

ओहोटी होती. पाणी पार दूर गेलं होतं, मधे सगळा काळा चिखल. खाडीच्या अलीकडे नायलॉनच्या जाळ्याचं गाठोडं पडलेलं दिसलं. त्यात एक मोठं कासव होतं. मास्तरांनी वही उघडली आणि मेलेल्यांच्या रकान्यात लिहायला घेतलं. यजमान जवळ जाऊन बसले.

"थांबा, थांबा! जित्तं शे हाई!"

अहिराणी ते घराबाहेर कधी बोलत नसत.

कासवाने डोळा उघडला होता. जाळं पुढच्या पायात रुतून कातडी सोलली होती. मास्तर ओढायला लागले, तर यजमानांनी त्यांचा हात धरला. खिशातून त्यांनी धागे कापायची चिमुकली कातर काढली. ती त्यांच्या खिशात कायम असायची. मग एकेक दोरा बोटाने उचलून, खालची कातडी जपत, ते कापत बसले. अर्धा तास तरी लागला असेल. मी कासवावर ओला रुमाल धरून होते. घरात बटण तुटलं तरी चिडणारा हा माणूस इतक्या सबुरीने काम करतो, हे मी लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा पाहिलं.

पाणी फार लांब होतं. यजमानांनी चादर पसरली, तिघांनी मिळून कासव तिच्यावर घेतलं आणि उचललं. पोटरीपर्यंत चिखल. मास्तर दोनदा पडले, दोन्ही वेळा हसले. पाण्याच्या कडेला ठेवलं तर कासव हलेचना.

"थकेल शे," यजमान म्हणाले. "जरा दम खाऊ द्या त्याला."

तिसऱ्या लाटेला त्याने मान वर केली, पुढचे पाय मारले आणि दिसेनासं झालं. मास्तरांच्या वहीत जिवंतासाठी रकानाच नव्हता. त्यांनी समासात लिहिलं, तारीख टाकली, आणि खाली यजमानांना सही करायला लावली.

पुढच्या रविवारी मला जाग आली ती स्टोव्हच्या आवाजाने. यजमान चहा करत होते. म्हणाले, "चल लवकर, बस चुकेल."

आणखी तीन हिवाळे आम्ही दोघं जात होतो. मग मास्तर मुलाकडे बडोद्याला राहायला गेले आणि आमचं जाणं हळूहळू सुटलं. जिवंत कासव पुन्हा कधी सापडलं नाही.